पंचेचाळीस दिवस

क्लाइड, इंजिन चालूच राहू दे,
हीटर बंद केलास तर पाच मिनिटांत काचा गोठतील.
अजून वीस मिनिटं आहेत.
ते बघ ऑफिस, डोनटच्या दुकानाच्या वर.
जिन्यात तळलेल्या साखरेचा वास येतो;
मला कर्ज म्हटलं की अजून तोच वास आठवतो.

मॅकइसॅक बाई ओरडत नाहीत.
मी ओरडा खायच्या तयारीने गेले होते,
मुख्याध्यापिकेपुढे जावं तशी, नखं कापून.
त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, एकूण किती?
मला सांगता येईना.
तीन वर्षं आलेली पाकिटं मी न फोडता
पावाच्या डब्यात कोंबली होती.
तो डबाच नेला होता. त्यांनी टेबलावर पालथा केला
आणि एकेक पाकीट चिरत गेल्या,
आपण कारखान्यात हेरिंग चिरतो ना, तसं,
न बघता, एका रेषेत.
बेचाळीस हजार तीनशे अकरा.
ते वरचे अकरा मला अजून छळतात.
अकरा डॉलरचं मी काय घेतलं असेन?

लोक म्हणतात, ऋण काढून सण.
सण कसला! तळघरातल्या भट्टीत तेल ओतलं.
दात काढले. ट्रकचा गिअरबॉक्स.
तुझा भाऊ पश्चिमेला तेलाच्या कामावर गेला,
पहिल्या वर्षी पैसे पाठवायचा, दुसऱ्या वर्षी फोटो.
आणि एकदा, हो, एकदाच,
ब्रेंडाच्या लग्नातला तो हिरवा ड्रेस.
सगळं लिहावं लागतं. कुत्र्याचं खाणंसुद्धा.

कार्डं त्यांच्या हातात द्यायची.
मी म्हटलं, कात्री द्या, मीच कापते.
हात थरथरला नाही. नंतर गाडीत थरथरला,
इथेच, याच पार्किंगमध्ये.

मग पंचेचाळीस दिवस.
कागद सगळ्या बँकांकडे जातो:
महिन्याला तीनशे दहा, साठ महिने, बाकीचं सोडा.
ज्याचं येणं मोठं, त्याचं मत मोठं.
आणि जो काहीच बोलत नाही, त्याचा होकार धरतात.
मौन म्हणजे संमती.
गप्प बसणाऱ्यांसाठी मी आयुष्यात
पहिल्यांदा चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

फोन थांबतात. हे सगळे सांगतील.
पण फोन थांबल्यावरही झोप येत नाही, हे कुणी सांगत नाही.
सकाळी आठला मी स्वयंपाकघरात उभी,
न वाजणाऱ्या फोनकडे बघत,
जणू माझं कुणी उरलंच नाही.

चाळिसाव्या दिवशी एक कार्डवाला नाही म्हणाला.
तीनशे पस्तीस झाले. म्हणजे शनिवारचा बिंगो गेला.

दोनदा समुपदेशन असतं. पोरगेला मुलगा,
दाढी नीट फुटलेली नाही, कागदावर दोन रकाने:
गरज, आणि हौस.
हिरवा ड्रेस मी मधल्या रेघेवर लिहिला.
त्याने खोडला नाही. भला पोरगा.

तीन हप्ते चुकले की सगळं कोसळतं.
मी दोन चुकवले.
त्या वर्षी बर्फ हटेना, खेकड्याच्या बोटी निघेनात,
कारखान्याला कुलूप.
तिसऱ्याच्या आदल्या दिवशी तू आलास,
शिवणयंत्र विकत घ्यायला. तुला शिवता येतं का रे?
मी तेव्हा विचारलं नाही. आजही विचारत नाही.

शेवटी एक कागद येतो: व्हर्ना बुटिलिए, पूर्ण फेड.
नावापुढची खूण लगेच पुसली जात नाही, काही वर्षं राहते.
टाळ्याबिळ्या कुणी वाजवत नाही.
मी तो डब्यात ठेवला.
आता त्या डब्यात पावही असतो.

चल, सव्वादहा होत आले.
टोपी काढ. नाक पूस.
आणि ते पाकीट,
ते, सीटखाली पायाने सरकवलेलं,
तेही घे.